आईच्या आईची आई

आमच्या प्रोजेक्टची क्लायंट एडिनबर्गची आहे. मंगळवारचा कॉल, आपल्याकडे दुपारचे साडेतीन, तिच्याकडे अकरा. कुणी जॉइन व्हायचं बाकी असलं, की दोन-चार मिनिटं गप्पा होतात. पाऊस हा विषय दोन्हीकडे चालतो. एकदा पावसाचं बोलून झालं आणि तिनं सहज सांगितलं, की वीकेंडला बसून तिनं आईकडच्या सात पिढ्या काढल्या. फक्त बायकांच्या. आई, आजी, पणजी, तिची आई, तिची आई... एक डंडीच्या तागाच्या गिरणीत होती, एक बंदरावर हेरिंग मासे साफ करायची.

मी विचारलं, अगं, पण सापडल्या कशा?

तर स्कॉटलंडमध्ये लग्नानंतरही बाईची नोंद माहेरच्या आडनावानं व्हायची. चर्चच्या जुन्या वह्यांमध्ये तसंच. १८५५ मध्ये जन्म-मृत्यूची सरकारी नोंद सक्तीची झाली, तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावरही त्या बाईच्या आईचं माहेरचं आडनाव आलं. म्हणजे एकीचा दाखला हातात आला, की तिच्या आईपर्यंत जाता येतं. तिकडे बायकांच्या पाच-पाच पिढ्यांवर जाडजूड कादंबऱ्या निघतात आणि विमानतळावर खपतात. मला नेहमी वाटायचं, यांना एवढं मटेरियल मिळतं कुठून?

आता आमच्याकडची गंमत ऐका.

योगायोगानं त्याच महिन्यात आमच्याही घरी वंशावळीचं काम निघालं होतं. हौस म्हणून नव्हे. आईचे वडील गेले, तुळजापूर तालुक्यातल्या अकरा एकरांवर वारसांची नोंद करायची होती आणि त्याला वंशावळीचं प्रतिज्ञापत्र लागतं. मामा म्हणाले, तुझं मराठी टायपिंग चांगलं आहे, तूच करून पाठव. केलं. सगळ्यात वर खापरपणजोबा, त्यांच्याखाली मुलगे, त्यांच्याखाली नातू. पुरुष मंडळी कशी पारंब्यांसारखी झकास खाली उतरत येतात. सुनांपुढे 'पत्नी'. मुलींपुढे 'विवाहित', आणि रेघ तिथंच बंद.

तोच कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला पेन्सिलनं दुसरी वंशावळ मांडायला घेतली. मी. आई. आजी. पणजी. संपलं. पणजीच्या आईचं नाव आज हयात असलेल्या कुणालाच माहीत नाही. 'वैरागकडची होती' एवढीच काय ती माहिती. (तुम्हाला वाटेल, या चौघींची तरी नावं सांग. आईची सक्त ताकीद आहे, पेपरात आमची नावं घालायची नाहीत. विनोद माझ्याही लक्षात आलाय.)

१८५५ मध्ये तिकडे ती वही सुरू झाली, तेव्हा आमचा भाग नळदुर्ग जिल्हा म्हणून ओळखला जायचा. १८५३ मध्ये निजामानं तो इंग्रजांच्या हवाली केला होता आणि फिलिप मेडोज टेलर हा तिथला डेप्युटी कमिशनर होता. या साहेबानं पुढे १८६३ मध्ये 'तारा' नावाची इंग्रजी कादंबरी लिहिली. शिवाजी महाराज आणि अफझलखानाच्या काळातली गोष्ट, नायिका तुळजापूरची. आमच्या भागातली नाव, गाव, आई-बाप असं सगळं कागदावर असलेली जुनी मुलगी मला एकच सापडली, आणि तीही काल्पनिक!

मग राहतं काय? ऐकलेलं. ते मात्र भरपूर आहे.

पणजीचं सासर बार्शीच्या हद्दीला लागून. हद्दीच्या अलीकडे मोगलाई, म्हणजे निजामाचं राज्य, आणि पलीकडे इंग्रजी. १९४८ मध्ये रझाकारांच्या धास्तीनं सीमेवरची गावं रिकामी व्हायला लागली, तेव्हा पणजी सहा वर्षांच्या माझ्या आजीला घेऊन रात्रीची वैरागला चालत गेली. सोबत शेळी होती, तिचं तोंड बांधलेलं, ओरडू नये म्हणून. १३ सप्टेंबरला सोलापूरच्या रस्त्यानं फौज आली, पहिल्याच दिवशी नळदुर्ग घेतलं, १७ तारखेला निजाम शरण आला. मुक्तिसंग्राम दिनाच्या भाषणात गोष्ट इथं संपते. पणजीची संपत नसे. ती परत आली, पण दर सणाला दारात येऊन बांगड्या भरणारी मणियारीण परत आली नाही. त्यानंतरच्या आठवड्यांत मुसलमानांवर जे गुदरलं, त्यात सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत सुंदरलाल समितीनं उस्मानाबादचं नाव घेतलं आहे. पणजीनं हे नाव कधी ऐकलं नसणार. त्या संक्रांतीला तिनं बांगड्या भरल्या नाहीत, एवढंच ती सांगायची, आणि उठून कामाला लागायची.

आजी लग्न होऊन तुळजापूर तालुक्यात आली. घरात तिला नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. आधी थोरली सून, मग अमक्याची आई. १९७२ च्या दुष्काळात विहिरींनी तळ गाठला आणि जमीनवाल्यांच्या घरातल्या बायकाही खडी फोडायला गेल्या. जेवायला मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, कामावर सुकडी. मुकादमानं मस्टरवर घालायला नाव विचारलं. इतक्या वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे आजीच्या तोंडून पटकन माहेरचं नाव निघालं. तेच लिहिलं गेलं. पगाराच्या दिवशी आजोबा पैसे आणायला गेले, तर मुकादम म्हणाला, या नावाची तुमच्या घरात कुणीच बाई नाही. शेवटी आजी स्वतः गेली आणि अंगठा उठवून पैसे घेऊन आली. पुढचे सगळे पगार तिनंच आणले. हा किस्सा सांगताना ती इतकी हसायची, की पदर तोंडाला लावावा लागायचा. तिच्या तोंडून मी असं कितीतरी लिहून घेतलंय. मस्टरचं लिहिताना म्हणाली होती, "नाव कशाला पायजे माय, हाक मारली की झालं."

आईचं सासर, म्हणजे माझं गाव, आणखी पूर्वेला, आजच्या लोहारा तालुक्यात. तीन लग्नांत आमच्या बायकांनी सगळा जिल्हा ओलांडला. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन छप्पन्न. आदल्या दिवशी गणपती बोळवलेले. आमचं माळवदाचं घर, दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि डोक्यावर मातीचं छत. मी दोन वर्षांची. आईनं मला उचलून अंगणात धाव घेतली आणि मागे ओसरीची भिंत बसली. आम्ही वाचलो. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली.

त्यानंतरची आई मात्र मला खरी आवडते. घरं दुरुस्त करून मजबूत करण्याची सरकारी योजना आली, तिच्यात गावोगावी बायकांना 'संवाद सहाय्यक' नेमलं. आई त्यातली एक. डोक्यावर पदर घेऊन ती घरोघरी सांगायची, की भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जाणारा दगड बसवा, नाहीतर आतली आणि बाहेरची बाजू सुटी होते. म्हातारे गवंडी म्हणायचे, आता सुना आम्हाला भिंत शिकवणार! आजही कुणाच्या घरी गेली की तिची नजर आधी भिंतीच्या कोपऱ्यांकडे जाते. बालेवाडीतल्या माझ्या फ्लॅटला तिनं अजून पास केलेलं नाही.

आता नावाचा घोळ. आईचं बारशाचं नाव एक, शाळेच्या दाखल्यावर तेच. १९८५ मध्ये लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं दुसरं लिहिलं. त्या तांदळाचा दुसऱ्या दिवशी भात झाला असणार. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव झालं, तेव्हा चौकाचौकात वाद, कोर्टात याचिका, टीव्हीवर चर्चा. आईचं नाव बदललं तेव्हा पेढे वाटले. (मी माझं बदललं नाही, पासपोर्टची कटकट नको म्हणून. तत्त्वबित्त्व नंतर सुचलं.)

आणि कायद्याचा तर वेगळाच खेळ. १९९४ मध्ये महाराष्ट्रानं वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क दिला, पण त्याआधी लग्न झालेल्यांना वगळून. म्हणजे आई बाद. २००५ मध्ये केंद्राची दुरुस्ती आली, तिच्यात ती अट नव्हती, आई परत आत. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं, की हा हक्क मुलीला जन्मानंच मिळतो. तरी आमच्याकडे रीत काय? बहिणींनी दुय्यम निबंधकाकडे जायचं, हक्कसोडपत्रावर सही करायची, साडी घ्यायची आणि जेवून घरी यायचं. मामांनी तारीखही ठरवली होती. मामा वाईट नाहीत हो. त्यांच्या बहिणीनं असं काही म्हणायचं असतं, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आई म्हणाली, "जमीन तुम्हीच कसा, पीक तुमचं. माझं नाव तेवढं राहू द्या."

थोरल्या मामांना ते लागलं. जमीन नको तर नाव कशाला? मीही फोनवर तेच विचारलं. ती म्हणाली, "वंशावळीच्या मागं तू पेन्सिलनं लिवलंयस ना, ते पुसतंय बघ."

मग धावपळ. दाखल्यावरची मुलगी आणि आधारवरची बाई एकच, असं प्रतिज्ञापत्र करावं लागलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी आईनं आपण आपणच असल्याचं लिहून दिलं! १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत आता स्वतःच्या नावानंतर आईचं नाव लागतं, मग वडिलांचं. आईला हे सांगितलं, तर तिनं लगेच विचारलं, "आणि आजीचं?"

फेरफार मंजूर झाला. ऑनलाइन सातबारा मीच काढून पाठवला. आईचं नाव तिसऱ्या ओळीत, कंसात माहेरचं. भाऊबीजेला धाकटे मामा येऊन गेले, थोरल्यांनी साडी पाठवली, स्वतः आले नाहीत. आईनं ती साडी नेसून त्यांना फोन केला, पण त्यांनी उचलला नाही. ती म्हणते, संक्रांतीला मीच जाईन.

त्याआधी तिला दुसरीकडे जायचंय. सोलापूर-बार्शी गाडी वैरागला थांबते, ते ती स्टँडवर विचारून आलीय. पणजीच्या मामाचं घर तिथं कुठंतरी होतं, एखादी म्हातारी भेटेल, तिला आठवत असेल. मला रविवारी यायला सांगितलंय, येताना कागद आण म्हणाली. आणि पेन्सिल नको, पेन आण.