अंगाला टोचणारी ऊब

धाराशिवच्या थंडीची कुणी बातमी करत नाही. बातमी होते ती उन्हाळ्याची आणि टँकरची. पण बालाघाटाच्या पठारावरचं गाव हे; पौषातल्या पहाटे नळाखाली हात धरवत नाही आणि सकाळी दहाला त्याच अंगणात ऊन चटका देतं. म्हणजे लोकरीच्या कपड्याला इथे काम ते रात्रीपुरतं, पहाटेपुरतं आणि वर्षातून जेमतेम दोन महिने. एवढ्याशा कामासाठी आमच्याच काय, बहुतेक घरांत कपाटाचा एक अख्खा कप्पा अडकलेला असतो. बाह्या आखूड झालेले मुलाचे स्वेटर, कुणीतरी आहेरात दिलेली शाल, आणि गळ्याशी खोटी फर लावलेलं ते जाकीट, जे घातलं की पोर शाळेच्या फाटकापर्यंत घामाघूम होतं.

यंदा तो कप्पा उपसताना मी एक उद्योग केला. प्रत्येक कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढला आणि मेणबत्तीवर धरला. स्वेटरांचे धागे पेटले, वितळले, त्यांचा काळा कडक मणी झाला आणि प्लॅस्टिक जळल्याचा वास सुटला. दुकानदारानं हे सगळे ‘लोकरीचे’ म्हणूनच दिले होते. मग सासूबाईंच्या अंथरुणातल्या काळ्या घोंगडीची एक दशी धरली. ती आक्रसली, ज्योतीतून बाहेर काढताच विझली, आणि चिमटीत तिची बोटाला न चिकटणारी राख झाली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “केस कुणाचे जळाले गं?”

खरी लोकर म्हणजे केसच, त्यामुळे सासूबाईंचं नाक बरोबर होतं. बाकीचं सगळं ॲक्रिलिक. आमच्या आयांच्या पिढीनं दुपारच्या वेळात सुयांवर विणलं ते कॅशमिलॉनही ॲक्रिलिकच होतं. धुवायला सोपं, रंगाला पक्कं, कसर न लागणारं म्हणून त्यांनी ते हौसेनं घेतलं आणि त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मात्र तो स्वेटर फाटतही नाही आणि कुजतही नाही. धुताना त्याचे बारीक तंतू पाण्याबरोबर गटारात जातात आणि उरलेला कपड्याचा देह कप्प्यात पडून राहतो. आज जगात तयार होणाऱ्या एकूण धाग्यात निम्म्याहून जास्त एकटं पॉलिएस्टर आहे. लोकरीचा वाटा शेकड्यात एकच्या आसपास.

आणि तो एक टक्का आमच्या दारावरून चालत जातो. सोयाबीन निघालं की रिकाम्या रानांत मेंढरांचे कळप येतात. शेतकरी रात्री शेतात मेंढरं बसवून घेतात, खत होतं म्हणून, आणि त्याचे मेंढपाळाला पैसे किंवा धान्य देतात. असाच मेंढपाळांचा एक वाडा गावाबाहेर उतरला होता तेव्हा मी तिथल्या मामांना लोकरीचा भाव विचारला. ते हसलेच. “भाव कसला घेऊन बसलात ताई? फुकट न्या म्हणलं तरी कुणी नेत नाई. उलट कातरणाराची मजुरी अंगावर पडती. लेंडीला गिऱ्हाईक हाय, लोकरीला नाई.”

मग कातरता कशाला, असं विचारल्यावर त्यांनी माझ्याकडे जरा दयेनं पाहिलं. नाही कातरलं तर उन्हाळ्यात जनावराला सोसत नाही, अंगात गोचिड होतात, पावसात लोकर भिजून जड होते. तेव्हा वर्षातून दोनदा कातरायची, आणि बांधाकडेला टाकून द्यायची.

ही आपली दख्खनी मेंढी. काळी, काटक, दिवसाला मैलोन्मैल चालणारी. मेंढीमागे वर्षाला निघून निघून अर्धा-पाऊण किलो लोकर, तीही राठ. ऑस्ट्रेलियातल्या मेरिनोचा तंतू जेवढा बारीक, त्याच्या दुपटीनं हिचा जाड. त्यामुळे तिचा स्वेटर होत नाही, घोंगडी होते. घोंगडी घेणारे कमी झाले आणि मटणाचा भाव वाढत गेला, तेव्हा मेंढपाळांनी जत भागातल्या माडग्याळ नरांचा संकर करायला सुरुवात केली. माडग्याळ मेंढी उंच, वजनदार, आणि अंगावर लोकर जवळपास नाहीच. ज्याला लोकर विकता येत नाही त्यानं बिनलोकरीचं जनावर पाळावं यात काही आश्चर्य नाही. आमच्या जिल्ह्याचं जुनं नाव देशभर पोचवलं ते उस्मानाबादी शेळीनं. तीही मांसासाठी, दुधासाठी आणि जुळी करडं देते म्हणून. तुळजापूर तालुक्यातल्या तीर्थला मेंढी व शेळी विकास महामंडळाचं प्रक्षेत्र आहे. तिथल्या जनावरांचं मोल लोक वजनात विचारतात. मेंढीची लोकर कशी आहे, हे विचारणारा शेवटचा माणूस कधी येऊन गेला असेल कोण जाणे.

घोंगडी होते कशी, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. लोकर निवडायची, पिंजायची, बायकांनी ती चरख्यावर कातायची. मग सूत सनगराकडे, म्हणजे घोंगडी विणणाऱ्याकडे, जातं. जमिनीत खड्डा खोदून त्यात पाय सोडून बसायचा माग. ताणा उभा करण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ देतात: चिंचोके भाजून, फोडून, भिजवून, वाटून केलेली चिकट पेज. ती कुंच्यानं ताण्यावर ओढून उन्हात वाळवली की राठ लोकरीचा धागा मागाचा हिसका सोसतो. पहिली दोन वर्षं घोंगडी ताठ असते ती त्या खळीमुळे. वापरून वापरून ती मऊ पडते. लहान पिलांची पहिल्या कातरणीची लोकर म्हणजे जावळ. जावळाची घोंगडी मऊ, हलकी आणि महाग. एका कळपातून एका घोंगडीपुरतं जावळ जमायलाही वाट बघावी लागते. बाजारात स्वस्त मिळते तिच्यात पुष्कळदा पानिपतचं सूत असतं, म्हणजे परदेशातले जुने स्वेटर-कोट फाडून, पिंजून पुन्हा कातलेलं. त्यालाही मी नावं ठेवणार नाही. पुनर्वापर म्हणून भाषणं होतात त्याच्या कितीतरी आधीपासून पानिपत ते करतं आहे.

पौष पौर्णिमेला नळदुर्गच्या मैलारपूरला खंडोबाची यात्रा भरते. हा देव दोन ठिकाणी राहतो, वर्षातला मोठा काळ अणदूरला आणि थंडीतले दिवस नळदुर्गला. बाणाईसाठी धनगरवाड्यावर मेंढरं राखायला राहिलेला देव तो, तेव्हा त्याच्या यात्रेत खांद्यावर घोंगडी नसलेला म्हातारा धनगर सापडणं मुश्किल. उन्हात ती खांद्यावर, पावसात डोक्यावर खोळ करून, थंडीत पांघरायला, दुपारी बाभळीखाली अंथरायला, पाहुणा आला की त्याच्यापुढे झटकून पसरायला. लोकर स्वतःच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढी ओल पिऊनही अंगाला ओली लागत नाही, आणि ओल पिताना थोडी ऊब सोडते. म्हाताऱ्यांना हे शास्त्र सांगायला गेलं तर ते म्हणतील, नाहीतर घोंगडी कशाला घेतली असती? घोंगडीनं कंबरदुखी जाते, तिच्यावर साप-विंचू येत नाही, असंही हल्ली विकणारे सांगतात. त्यावर माझा विश्वास नाही, आणि घोंगडीला त्याची गरजही नाही.

गंमत म्हणजे रानातल्या धनगराच्या खांद्यावरची ही लोकर वाड्यातल्या सोवळ्यातही होती. स्वयंपाकाला, पूजेला नेसायची धाबळी लोकरीची. लोकर ओवळी होत नाही असा संकेत. एरवी एकमेकांच्या ताटाला न शिवणारी घरं मेंढीच्या बाबतीत एकमताची होती.

कापडाशी या मातीचं नातं जुनं आहे. आमच्याजवळचं तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात तगराहून भडोचला गाड्या भरभरून कापड जात असल्याची नोंद आहे, साधं जाडंभरडं कापड आणि मलमलीचे प्रकार. धड रस्ते नसलेल्या मुलुखातून तो माल जाई. आता धाराशिवच्या दुकानांत कापड येतं ते सुरतेहून, म्हणजे साधारण त्याच वाटेनं उलटं. शिवारातला कापूसही कमी होत गेला आणि सोयाबीन पसरलं.

पण कपडा टिकतो तो नुसता धाग्यामुळे नाही. घरात कुणाला तरी त्याचं पुढचं स्थळ ठाऊक असावं लागतं. सासूबाईंच्या तोंडून त्यांच्या आईच्या नऊवारीची कुंडली मी ऐकली आहे. लुगडं आधी बसायच्या जागी विरतं. मग ते मधोमध कापायचं, विरलेला भाग काढायचा, आणि दुसऱ्या तशाच लुगड्याच्या चांगल्या तुकड्याला जोडून दंड घालायचा. दंडाचं लुगडं घरात नेसायचं, कार्याला नाही. तेही विरलं की त्याची दुपटी, लंगोट, बाळाची कुंची. नव्या कापडापेक्षा हे धुऊन मऊ झालेलंच कोवळ्या अंगाला बरं. उरलेलं वाकळेच्या थरात. वाकळ फाटली की तिच्यावरच नवं लुगडं ताणून पुन्हा धावदोरा. अगदी शेवटी पोतेरं, आणि पोतेऱ्याचाही जीव गेला की चुलीत. आजही आमच्या रानात खुरपायला, ऊस तोडायला जाणाऱ्या बाया साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालतात. ऊन लागत नाही, पाचट कापत नाही. शर्टाचं दुसरं आयुष्य म्हणून कुणी त्याचे फोटो काढत नाही.

हे सांगताना माझा सूर हळवा व्हायला लागला की सासूबाईच तो खाली आणतात. “हौस नव्हती ती, दुसरं नव्हतंच,” असं त्या म्हणतात. वर्षाला दोन लुगडी, त्यातलं एक दिवाळीला. दंड घालायचा तो दिवसभराचं काम उरकल्यावर, चिमणीच्या उजेडात, आणि तो घालणारे हात नेहमी बाईचेच. कपडे जपून वापरा असं आपण घरादाराला सांगतो तेव्हा ते जपण्याचं काम नेमकं कुणाच्या माथी येणार आहे, हे आधी ठरवलेलं बरं. आमच्या घरी आता बटणं मुलगा लावतो. वाकडी लावतो, पण लावतो.

कुणाच्या अंगाला काय लागतं हे न विचारता कपडा पोचला की काय होतं, तेही आमच्या भागानं पाहिलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, भूकंप झाला. किल्लारी लातूर जिल्ह्यात, सास्तूर आमच्याकडे. वर पाऊस. देशभरातून मदत आली, मनापासून आली, त्यात कपड्यांची गाठोडी होती. जन्मात नऊवारी सोडून काही न नेसलेल्या बायांपुढे स्कर्ट, पँटी, टिकल्यांचे झगे आले. त्या कपड्यांच्या चळती पडून राहिलेल्या मला आठवतात. पुढे शहाण्या बायांनी त्यातलं सुती तेवढं वेचून वाकळांत घातलं. घोंगडी आणि ब्लँकेट मात्र ज्याच्या हाती पडलं त्यानं सोडलं नाही.

तर कप्पा उपसून झाल्यावर प्रश्न उरला, घ्यायचं काय? मुलाला मेरिनोचा पातळ गंजीफ्रॉक घ्यावा असं मोबाइलवर सारखं सुचवलं जात होतं. चांगला असतो तो; टोचत नाही, वासही धरत नाही. पण समुद्रापलीकडच्या मेंढीचा तो कपडा वर्षभरात पोराला आखूड होणार, आणि खालच्या रस्त्यानं काळी लोकर बांधाला टाकायला चाललेली. मला ते जमेना. दुसऱ्या बाजूला, घोंगडीचं जाकीट शिवून पोराच्या उघड्या अंगाला लावणंही मला कळत नाही. राठ लोकर टोचतेच. तिची जागा अंथरुणात, पांघरुणात, खांद्यावर, अंगालगत सुती. म्हणून मुलाच्या पलंगावर ॲक्रिलिकच्या ब्लँकेटाऐवजी घोंगडी आली, आत जुन्या साडीची खोळ लावून. दोन-तीन हजारांच्या पुढे गेली, घासाघीस केली नाही. पहिल्या रात्री तो कुरकुरला, मेंढरांचा वास येतो म्हणाला. चार दिवस उन्हं दाखवल्यावर वास गेला, कुरकुर थोडी राहिली. सासूबाईंचं म्हणणं, राहू दे, घोंगडी पण शिकते आणि पोर पण.

अंगालगतचं सुती मिळवणं मात्र लोकरीपेक्षा अवघड गेलं. उदगीरला राष्ट्रध्वजाची खादी विणली जाते, तेवढ्या अंतरावर राहून शाळेच्या गणवेशाला शुद्ध सुती कापड मिळू नये! शाळेनं ठरवून दिलेल्या कापडात पॉलिएस्टरच जास्त, आणि मार्चमध्ये ते पोराच्या पाठीला चिकटून बसतं. शेवटी रंग जुळवून सुती कापड आणलं आणि शिंपीकाकांकडे गेले. वाढत्या मापाचं शिवा, खाली चार बोटं दुमड ठेवा, शिवणीत माया ठेवा, म्हटलं. त्यांनी कापड बोटांत चुरगळून पाहिलं.

“ताई, हे रोज इस्त्री मागंल.”

“बिनइस्त्रीचं घालेल.”

“मास्तर बोलतील.”

“तुम्ही शिवा तर.”

त्यांनी टेप काढला, मुलाला सरळ उभं राहायला सांगितलं, आणि माप लिहिताना दुमड चार बोटांची पाच केली.