डबीतले मणी

पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या सगळ्यांना वर्गातली शंभर मण्यांची माळ माहीत आहे. दहा एका रंगाचे, दहा दुसऱ्या. दर वर्षी ती एकदा तरी तुटते आणि मग बाई डबा खाता खाता मणी ओवत बसतात. माझा छंद तिथूनच सुरू झाला. शाळेच्या माळेवरून मैत्रिणींच्या मोत्याच्या माळा, मग वैरागमधल्या आमच्या गल्लीतल्या बायकांच्या पोती. पूर्वी हे काम पटवेकरी करायचे. आता सांगायला गेलं की नवीनच घ्या म्हणतात.

तुम्हीही घरी करू शकता, म्हणून थोडं सांगते. जुनी माळ हातात आली की लगेच कात्री लावू नका. आधी पांढऱ्या कापडावर ठेवून फोटो काढा, कोणत्या मण्यानंतर कोणता ते वहीत लिहून ठेवा. काचेचे मणी कोमट साबणाच्या पाण्यात धुतले तरी चालतात. बोरमाळ मात्र पाण्यात बुडवू नका. तिच्या मण्यांना वरून सोन्याचा पातळ पत्रा आणि आत लाख असते. गरम पाण्याने लाख मऊ होते आणि मणी चेपतो. (हे मी स्वतःच्याच बोरमाळेवर शिकले.) बारीक भोकातून सुई जात नसेल तर दोऱ्याच्या टोकाला मेण लावून पीळ द्या, सुईशिवाय ओवता येतं.

आणि जुना दोरा टाकू नका. तो बघा. वापरून झिजलेला दोरा गाठीजवळ पिसारलेला असतो, मळलेला असतो. ओढून तोडलेला वेगळाच दिसतो.

हे मला आजीच्या डबीमुळे कळलं. आजी गेल्यावर तिच्या पेटीत बामची एक जुनी डबी निघाली. आत काळे मणी, तीन पोवळी आणि दोऱ्याचा तुकडा. डोरलं नव्हतं, ते मोडून कुणाच्या तरी लग्नात घातलं असणार. दोरा चांगला जाड, कुठेही न झिजलेला. मधूनच तुटलेला.

आपल्याकडे मंगळसूत्र तुटलं असं म्हणतसुद्धा नाहीत, ‘वाढलं’ म्हणतात. पण आजोबा गेले त्या दिवशी आजीचं वाढलं नव्हतं, चार बायकांनी तोडलं होतं. आजी तेव्हा तिशीतली. जमिनीवर सांडलेले मणी तिने नंतर कधीतरी वेचून ठेवले असणार. किती वेचले, किती फटीत गेले, कोण जाणे. मी मोजले तर 143 भरले.

2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. ती बातमी मी सातवीच्या वर्गात वाचून दाखवली होती. मुलांनी विचारलं, “बाई, म्हणजे आधी खरंच तोडायचे?” मी हो म्हणून पुढचा धडा काढला. डबीबद्दल बोलले नाही. त्याची मला अजून रुखरुख आहे.

पोत पुन्हा गाठवायची असं मी ठरवलं. आत्याला फोनवर सांगितलं तर ती चिडलीच. “आता कशाला गं ते? कुणी घालायचं हाय का?” मलाही उत्तर सुचलं नाही. घालायची नव्हतीच.

अडचण वेगळीच होती. फोटो नाही, वही नाही. तीन पोवळी कुठे होती ते कसं कळणार? आमची सहल एकदा तेरला गेली होती, शेजारच्या धाराशिव जिल्ह्यात. तिथल्या लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातले मणी मांडलेले आहेत. पालक असाल तर मुलांना नक्की घेऊन जा. मणी राहिले, दोरे कधीच कुजून गेले. कोणता मणी कोणाशेजारी होता हे सांगणारं तिथे कुणी नाही. मीही अंदाजानेच ओवलं. एक पोवळं बरोब्बर मध्ये आणि दोन बाजूंना, आपल्या शाळेच्या तक्त्यासारखं एकसारखं.

दिवाळीत आत्या आली. पोत तिच्यापुढे ठेवली. आधी ती हात लावेना. चहा झाला, मग उचलली, बोटांनी चाचपत फिरवली. आणि मान हलवली.

“हे लाल मधी नव्हतं. तिन्ही डाव्या अंगाला हुती, लागून लागून. आई मांडीवर घ्यायची तवा मी तीच धरून झोपायची.”

फराळाचं ताट तसंच ठेवून आम्ही गाठ सोडायला घेतली. आत्याने चष्मा घातला आणि तीन पोवळी वेगळी काढून मुठीत धरली.