नंबर तोच, गाडी दुसरी

ब्रॅम्प्टन (कॅनडा), ४ जून

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

खुशाली फोनवर कळलीच आहे, म्हणून ती पुन्हा लिहीत नाही. निघताना माळ्यावरच्या माझ्या हत्यारांच्या पेटीबद्दल विचारत होतात. कौलं काढून पत्रे घालायचे आहेत, तर माळा रिकामा करावाच लागणार. भंगारवाला आला तर देऊन टाका. रिटायर होऊन नऊ वर्षं झाली, आता त्या हातोड्यांचं काय करायचं!

परवा मी एकटाच बस पकडून माल्टनला गेलो. विमानतळाला चिकटलेली वस्ती. बहुतेक पंजाबी. गुरुद्वारा, मिठाईची दुकानं, मोटारींची गॅरेजं. दुकानदार माझ्याशी पंजाबीतच बोलला आणि मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपातल्या हिंदीत उत्तर दिलं. तिथल्या बागेत खांबावर एक जुनं लढाऊ विमान चढवून ठेवलंय, सीएफ-१००. पाटी वाचली तेव्हा कळलं की ते इथंच, माल्टनमध्ये बनलेलं. ॲव्हरो नावाची कंपनी होती. बाकावर बसलेल्या एका म्हाताऱ्या गोऱ्याला विचारलं, कारखाना कुठं आहे? त्याने हात हलवून रिकामी जागा दाखवली. कारखाना पुढं दुसऱ्यांकडे गेला, शेवटी बोइंगकडे आला, २००५ साली बंद झाला आणि मग पाडलाही.

मग त्याने ॲरोची गोष्ट सांगितली. इथल्या माणसाला ती सांगावीच लागते, जसं आपल्याकडे कोणीही गिरणी संपाचं सांगतो. ॲव्हरोने त्रिकोणी पंखांचं एक लढाऊ विमान केलं, ॲरो. ४ ऑक्टोबर १९५७ ला ते हजारो लोकांसमोर बाहेर काढलं, आणि नेमका त्याच दिवशी रशियाने स्पुटनिक सोडला. दुसऱ्या दिवशी पेपरात कशाची बातमी मोठी असेल ते सांगायला नको. पुढच्या मार्चमध्ये ते उडालं, आवाजाच्या जवळपास दुप्पट वेगापर्यंत गेलं. पाच विमानांची मिळून ६६ उड्डाणं झाली. आणि २० फेब्रुवारी १९५९ च्या शुक्रवारी पंतप्रधान डीफेनबेकर यांनी प्रकल्प रद्द केला. खर्च फार, आणि आता क्षेपणास्त्रांचे दिवस आले, असा हिशोब. चौदा हजार माणसं त्याच दिवशी घरी.

हिशोब चूक की बरोबर ते मी ठरवत नाही. पण पुढं जे केलं ते मला समजत नाही, दादा. पाचही विमानं, आणि जवळजवळ तयार झालेलं सहावं, गॅसकटरने कापून भंगारात विकली. साचे, नकाशे, सगळं नष्ट करायचा हुकूम. आपल्याकडे एसटीची गाडी मोडीत काढतात तीसुद्धा दहा-बारा लाख किलोमीटर धावल्यावर.

तुमचा


ब्रॅम्प्टन, १७ जून

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

जावईबापूंच्या मागे लागून काल एडनव्हेलला जाऊन आलो. सव्वा तासाचा रस्ता, दोन्ही बाजूंना शेतं. छोटी धावपट्टी, काही हँगर, आणि त्यातल्या एकात ॲरो.

खरं नव्हे. खरं कुठून असणार? हे हुबेहूब मापाचं केलेलं. पन्नास फूट रुंद, जवळपास ऐंशी फूट लांब, पांढरं, अंगावर नंबर २५२०३. तिसऱ्या विमानाचा नंबर त्याला दिलाय. इंजिन नाही, उडायचा प्रश्नच नाही. आत लोखंडी सांगाडा, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. म्हणजे दादा, शुद्ध बॉडीकाम! दापोडीत आम्ही जुन्या चेसिसवर नवी बॉडी चढवायचो. नंबरप्लेट तीच, म्हणून गाडी तीच. इथं चेसिसच उरली नाही, नुसत्या नंबरवर बॉडी उभी केलीय.

मी आधी रिपिटांच्या ओळी बघितल्या. सवय जात नाही. पंखाच्या खालच्या बाजूला वाकून पाहिलं तर ओळ सरळ, पण एका जागी दोन रिपिटांमधलं अंतर जरासं कमी. कोणीतरी संध्याकाळी घाईत मारलेलं असणार, नाहीतर नवशिक्याने. मला ते बघून बरं वाटलं. अंगठा ठेवून बघितला. डोकी पत्र्यात अशी बसली होती की नख अडकत नव्हतं. हे काम दोन माणसांचं, एक बाहेरून मारणारा, एक आतून डॉली, म्हणजे रिपिटामागे धरायचा लोखंडी ठोकळा, लावून बसणारा. आतला नेहमी अंधारात, कानात दडे बसलेले, आणि त्याचं काम कोणालाच दिसत नाही. मी अकरा वर्षं आतला होतो.

तिथं एक स्वयंसेवक भेटला, सत्तरीपुढचा. मी एसटीत बसबॉडी बनवायचो म्हटल्यावर त्याने खुर्चीच ओढून दिली. त्याच्याकडून जे ऐकलं ते असं.

टोरोंटोत डाउन्सव्ह्यूला एक विमान संग्रहालय होतं, १९२९ सालच्या डी हॅविलंड कंपनीच्या इमारतीत. तिथल्या हौशी लोकांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस या कामाला हात घातला. निवृत्त फिटर, वेल्डर, काही तर ॲव्हरोतून त्या शुक्रवारी घरी गेलेले. पगार नाही. पत्रा मागून आणायचा, रंग मागून आणायचा, बायकोची बोलणी खायची. २००६ च्या ऑक्टोबरात विमान पुरं झालं आणि लोकांसमोर आणलं.

मला वाटलं गोष्ट संपली. तो म्हणाला, खरा त्रास तिथून सुरू झाला.

२०११ च्या सप्टेंबरमध्ये संग्रहालयाला जागा खाली करायला सांगितली. तिथं बर्फावरची हॉकी खेळायला मैदानं करायची होती. कुलपं बदलली. आता सांगा, आपल्याला दोन खोल्यांचं बिऱ्हाड हलवायचं तर धाप लागते. हे पन्नास फुटी पंखांचं धूड कुठं न्यायचं? रस्त्यावरून तसंच नेता येत नाही, पंख खोलावे लागतात. खोलताना प्रत्येक सांध्याची भोकं थोडी ढिली होतात, ते मी तुम्हाला सांगतो, त्याने सांगायची गरज नव्हती. काही वर्षं ते टोरोंटोच्या मोठ्या विमानतळाच्या आवारात होतं, मग इथं आलं.

शिवाय लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना लागून असले की ओल त्यांचं भांडण लावते. मध्ये रंगाचा थर पाहिजे, हवा पाहिजे, कोरडेपणा पाहिजे. तो थर खरचटला की ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी व्हायला लागते. आमच्या गाड्यांना कोकणात तीन पावसाळ्यांत हे व्हायचं. इथं पाऊस कमी, पण बर्फ पडतो, वितळतो, पुन्हा गोठतो, आणि पाणी गोठताना फटीत फुगतं. म्हणून छप्पर. सगळं भांडण छपराचं आहे.

मी विचारलं, सरकार का ठेवून घेत नाही? तो हसला. संग्रहालयात आधी खऱ्या वस्तूला जागा. नक्कल दारात उभी. पुराणवस्तू म्हणून तिला मान नाही आणि नवी म्हणून किंमत नाही. अल्बर्टातल्या एका गृहस्थाने अशीच एक ॲरो हौसेने सुरू केली होती. ती पुरी झाली ती सीबीसीला १९९७ मध्ये ॲरोवर मालिका काढायची होती म्हणून. मालिका नसती तर ती अर्धवटच राहिली असती, असं या स्वयंसेवकाचं मत. कॅल्गरीला आणखी एक मंडळी साठ टक्के मापाची, खरोखर उडणारी ॲरो करत बसली आहेत, तेही नव्वदच्या दशकापासून. विनिपेगला व्हेडेट नावाचं, पाण्यावर उतरणारं लाकडी विमान स्वयंसेवकांनी उभं केलं, जंगलात पडलेल्या तीन मोडक्या व्हेडेटचे तुकडे गोळा करून. त्यालाही वीसेक वर्षं लागली.

इतकी वर्षं म्हणजे सुरू करणारे सगळे शेवटाला असतीलच असं नाही. मी तसं म्हणालो, तर तो नुसता ‘हो’ म्हणाला आणि हातातलं फडकं घडी करत बसला.

तुम्ही आता तळपद्यांचं काढाल, माहीत आहे मला. १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं म्हणतात ते. दादा, भांडत नाही, पण तिथं विश्वासाचा एकही नकाशा नाही. नक्कल करायची तर कशाची? ॲरोचे नकाशे नष्ट करायचा हुकूम होता, तरी कोणा ड्राफ्ट्समनने काही घरी नेऊन ठेवले होते. ते २०२० मध्ये सस्कॅचेवन विद्यापीठात मांडले. ज्या केंद्रात मांडले त्याचं नाव डीफेनबेकर केंद्र!

नातवाला चाकाशी उभं करून फोटो काढलाय. व्हॉट्सॲपवर पाठवतो.

तुमचा


ओटावा, २६ जून

ती. दादांस,
सा. न. वि. वि.

लेकीला इथं कामासाठी यायचं होतं, मी गाडीत बसून आलो. दिवस मोकळा होता, तो सगळा विमान संग्रहालयात घालवला. गुडघे दुखतायत.

ॲरोचा खरा तुकडा इथं आहे. सहाव्या विमानाचं नाक, आणि पंखांचे थोडे भाग. हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेने हे नाक प्रयोगांसाठी नेलं होतं म्हणून वाचलं. मी समोरून बघितलं, मग मागे गेलो. जिथं कापलंय ती कड बघायची होती. कापलेल्या पत्र्याचं तोंड कसं असतं ते मला ठाऊक आहे, पण चांगल्या, न वापरलेल्या पत्र्याचं असं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. बराच वेळ उभा राहिलो. पहारेकऱ्याने दोनदा येऊन बघितलं.

आणखी एक गोष्ट सापडली. इथं सिल्व्हर डार्ट नावाचं, काठ्या आणि कापडाचं विमान आहे. कॅनडात पहिलं उडालेलं, २३ फेब्रुवारी १९०९ ला, नोव्हा स्कोशियात बॅडेकच्या गोठलेल्या सरोवरावरून. मूळ विमान राहिलं नाही. इथं आहे ती वायुदलाने पन्नासाव्या वाढदिवसासाठी केलेली नक्कल. ती त्याच सरोवरावरून उडवली, आणि जोराच्या वाऱ्यात आपटलीही. तारीख वाचली का? २३ फेब्रुवारी १९५९. शुक्रवारी देशाचं सर्वांत नवं विमान मोडीत काढायचं ठरलं आणि सोमवारी सर्वांत जुन्याची नक्कल उडवली. पाटीवर दोन्ही गोष्टी शेजारी लिहिलेल्या नाहीत. मी बोटांवर वार मोजले.

कापड ताणलेलं आहे, शिवण हातची वाटते. एका कोपऱ्यात तारेचा पीळ बघितला, सुबक. ही नक्कल छपराखाली आहे, उबदार आहे, तिच्याभोवती दोरी लावलीय. तिला पासष्टहून जास्त वर्षं झाली. नक्कलही एवढी टिकली की तिचा मान वाढतो, असं दिसतंय; एडनव्हेलच्या त्या बाबांना हे कळवायला हवं, पण पत्ता घ्यायचा राहिला.

दादा, भंगारवाला आला नसेल तर पेटी देऊ नका. आत खाली फडक्यात गुंडाळलेली डॉली आहे, काळी, हाताला गुळगुळीत झालेली. पत्रे घालेपर्यंत पेटी पडवीत ठेवा, पण भिंतीपासून वीतभर लांब, आणि खाली दोन विटा घाला. तिथं ओल येते.

वहिनींना नमस्कार.

तुमचा