मुली आणायच्या नाहीत

आज चौथी खोली पाहिली. कोथरूडला, वनाझजवळ. काकूंनी दारातच बजावलं, "मुली आणायच्या नाहीत हं!" आम्ही एकमेकांकडे न बघता म्हणालो, "छे छे, काकू." हसू जिना उतरेपर्यंत कसंबसं दाबलं. या शहरात जागा शोधताना लग्न न झालेल्या जोडप्याच्या नाकी नऊ येतात. आम्हाला मात्र 'गरीब पोरं' म्हणून वर चहासुद्धा. सोय आहे, पण खोट्यावर उभी.

त्याला सदाशिव पेठ हवी होती. क्लास, अभ्यासिका, खानावळ, सगळं हाकेच्या अंतरावर. मी अडून बसलो. वाड्यात कोण कधी आलं-गेलं, हे समोरच्या गॅलरीला पाठ असतं. वनाझहून तो मेट्रोने थेट गरवारे कॉलेजला उतरेल. मला विद्यापीठात जायला बस बदलावी लागेल. लागू दे.

कॉलेजं ठरवताना लोक प्लेसमेंट बघतात. मी रॅगिंगविरोधी नियम वाचत बसलो. यूजीसीने २०१६ साली त्यात लैंगिक कलाचा उल्लेख घातला. वर्गात तो किती उतरतो, ते बाकावर बसल्यावरच कळणार. कलम ३७७ च्या धाकातून २०१८ मध्ये सुटलो, आमच्यासारख्यांच्या लग्नाला सर्वोच्च न्यायालय २०२३ मध्ये नाही म्हणालं. तेव्हा काकूंच्या वहीत आम्ही 'मित्र'.

खोलीत दोन लोखंडी कॉट, मधे गोदरेजचं कपाट. काकू पाणी आणायला आत गेल्या, तेव्हा त्याने कपाट ढकलून पाहिलं. सरकतं.

उद्या डिपॉझिट भरतोय.