गरम मुठी आणि माळशेजची थंडी

ठाण्याच्या वर्तकनगरात राहणाऱ्या माणसाला "तुमच्याकडे थंडी किती?" असं विचारून बघा. तो हसेलच! इथं जानेवारीत सुद्धा दुपारी पंखा लावावा लागतो. पहाटे उपवन तलावाकाठी फिरायला जाणारे आजोबा तेवढे कानटोपी घालतात. येऊरच्या डोंगरावरून जरा गार वारा उतरतो आणि ऊन चढलं की तोही पळून जातो. ठाण्याला खाडी आहे, समुद्रही जवळ आहे. पाणी हळूहळू तापतं आणि हळूहळूच निवतं, म्हणून इथली हवा फारशी गारठत नाही.

गंमत म्हणजे लोकरीच्या कापडासाठी नाव मिळवलेली रेमंडची गिरणी याच भागात होती. 1925 साली सुरू झालेल्या या गिरणीत पूर्वी जाडीभरडी कांबळी विणली जात, पुढे सुटाचं तलम कापड निघू लागलं. आता तिथं माग चालत नाहीत. त्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. ज्या गावाला स्वेटर क्वचितच लागतो, त्या गावानं साऱ्या देशाला ऊब पुरवली! अशा या वर्तकनगरात माझ्या धाकट्या भावानं मोटारसायकलच्या मुठी गरम करायचं काम काढलं, तेव्हा शेजारचे काका म्हणाले, "अरे, इथं हाताला घाम येतो. मुठी कसल्या तापवतोस?"

काकांचं चुकलं नव्हतं. पण त्यांना आमची डिसेंबरची फजिती ठाऊक नव्हती. ऐका तर.

भावाकडे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर चालणारी उंच मोटारसायकल आहे. एका रविवारी पहाटे चार वाजता आम्ही दोघं माळशेज घाटाकडे निघालो. तो पुढं, मी मागं. कल्याण येईपर्यंत छान वाटत होतं. दुर्गाडीचा पूल अंधारात ओलांडला. शहाड मागं पडलं आणि गार वारा बोचू लागला. मुरबाडला चहा प्यायलो. सरळगाव, टोकावडे, वैशाखरे अशी गावं गेली आणि घाट सुरू झाला. माझे हात खिशात होते. भावाचे मात्र हँडलवर, थेट वाऱ्यात!

घाट चढून वर आलो. खुबी फाट्यावर थांबायचं होतं. भावानं गाडी हळू केली, पण क्लच वेळेवर दाबलाच गेला नाही. गाडीनं गचका खाल्ला, बंद पडली आणि आम्ही दोघं सावकाश आडवे झालो! फार लागलं नाही. पण तो म्हणाला, "ताई, बोटं माझी आहेत असं वाटतच नाही गं." त्याला हेल्मेटचा पट्टा सुद्धा सोडता येईना. मीच सोडला.

असं का झालं? बशीतला चहा गार करायला तुम्ही फुंकर मारता ना? आपल्या कातडीभोवती उबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो थर उडवून नेतो. समजा, हवा 10 अंश सेल्सिअस आहे आणि गाडी ताशी 60 किलोमीटर वेगानं चालली आहे. अशा वेळी उघड्या हाताला ती हवा जवळजवळ 5 अंशांएवढी गार लागते. शिवाय उंचीही वाढत असते. हजार मीटर वर गेलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते, आणि माळशेजचा माथा सुमारे 700 मीटर उंच आहे.

मग शरीर काय करतं? हृदय, मेंदू हे महत्त्वाचे अवयव आधी सांभाळतं. बोटांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटं बधिर होतात. आणि ब्रेक नि क्लच तर बोटांनीच दाबायचे! ताशी 60 किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात जवळजवळ 17 मीटर पुढं जाते. म्हणजे एका एसटीच्या लांबीहून जास्त. बोटांनी सेकंदभर उशीर केला की झालंच. म्हणून म्हणते, या मुठी म्हणजे नुसती चैन नव्हे.

आता या गरम मुठी असतात कशा? अगदी सोप्या. रबराच्या आत बारीक तारेची जाळी असते. तिच्यातून वीज गेली की ती तापते, आपल्या इस्त्रीसारखीच. फक्त इस्त्री चटका देते, ही नुसती ऊब देते. आमच्या जोडीला 36 वॅट वीज लागते. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. 36 भागिले 12, म्हणजे 3 अँपिअर. करून बघा वहीत!

एक मजा सांगते. डावी मूठ सरळ हँडलच्या लोखंडी नळीवर बसते. उजवी मूठ बसते ती ॲक्सिलरेटरच्या प्लॅस्टिकच्या नळकांड्यावर. लोखंड उष्णता भराभर ओढून घेतं, प्लॅस्टिक घेत नाही. त्यामुळं वीज दोन्हीकडे सारखी असली तरी डावी मूठ जरा गारच वाटते. वर्गात शिकलेले सुवाहक आणि दुर्वाहक असे हँडलवर भेटतात.

भावानं मुठी घरीच बसवल्या. जुन्या कापून काढल्या, नव्या गोंदानं चिकटवल्या, रात्रभर वाळू दिल्या. वायरी हँडलला काळ्या टेपनं घट्ट गुंडाळल्या. दिसायला काम अगदी नीटनेटकं! बॅटरीची जोडणी तेवढी करून घ्यायला तो गाडी ढकलत आमच्या गल्लीतल्या मेस्त्रीकाकांकडे घेऊन गेला. मीही सोबत गेले. काकांनी वायरींकडे नुसतं पाहिलं, हँडल पूर्ण डावीकडे वळवलं, ॲक्सिलरेटर पिळला आणि सोडून दिला.

मूठ परत आलीच नाही. पिळलेली होती तशीच राहिली!

"बघितलंत?" काका म्हणाले. "उजवी मूठ फिरती असते. तिच्या वायरीला मोकळा फेर ठेवायला लागतो. ही ताणली गेली नि मूठ अडकली. गाडी उभी आहे म्हणून कळलं. घाटातल्या वळणावर कळलं असतं तर?"

आम्ही दोघं गप्प. बोटं गोठू नयेत म्हणून केलेल्या कामानंच घात केला असता.

काकांनी सगळी टेप सोडली. वायरीला सैल वळसा दिला. हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वळवून, दर वेळी मूठ पिळून सोडली. ती टपकन परत येते याची खात्री झाली, तेव्हाच वीज जोडली. मध्ये फ्यूज घातला, म्हणजे कुठं वायर घासून वीज भलतीकडे गेली तर आधी फ्यूज उडेल, आग लागणार नाही. गाडीची किल्ली बंद केली की मुठीही बंद व्हाव्यात अशी सोय केली. नाहीतर विसरून चालू राहिल्या की बॅटरी संपलीच!

जानेवारीत आम्ही पुन्हा त्याच रस्त्यानं गेलो. भावाच्या हातात हातमोजे होतेच, कारण मूठ तळव्याला ऊब देते, पण वारा हाताच्या मागच्या बाजूला लागतो. या वेळी खुबी फाट्यावर गाडी कशी अलगद थांबली! तिथून पिंपळगाव जोगा धरणाच्या बाजूनं, जागोजागी खडबडीत असलेल्या वाटेनं आम्ही खिरेश्वरला पोचलो. पाण्यावर धुकं तरंगत होतं. समोर 1424 मीटर उंचीचा हरिश्चंद्रगड उभा होता. गावात नागेश्वराचं जुनं देऊळ आहे. गेलात तर त्याच्या छताकडे मान वर करून बघायला विसरू नका. फार सुंदर कोरीव काम आहे.

देवळाजवळ चार-पाच मुलं शेकोटी करून बसली होती. गाडी बघून ती धावत आली. भावानं इंजिन चालू ठेवलं, गाडी स्टँडवर नीट उभी केली आणि म्हणाला, "या, डाव्या मुठीला एकेकानं हात लावा." पहिला मुलगा चमकला. "आरं, ही तर चुलीवाणी हाय!" मग रांगच लागली. सगळ्यात छोटी मुलगी दोन्ही हातांनी मूठ धरून बसली, सोडीचना!

निघताना भाऊ गाडीवर बसला. किल्ली फिरवण्याआधी त्यानं हँडल डावीकडे पूर्ण वळवलं, ॲक्सिलरेटर पिळून सोडला. मग उजवीकडे वळवून तेच केलं. मूठ दोन्ही वेळा टपकन परत आली. तेव्हाच तो म्हणाला, "बस, ताई."