हडळ, हॅलोविन आणि आंघोळ

न्यूयॉर्कात ऑक्टोबर लागला की ऑफिसातल्या लोकांचे दोन गट पडतात. एक पोरांना घेऊन दारोदार चॉकलेटं गोळा करणाऱ्यांचा. दुसरा आमच्यासारख्या बिनपोरांच्या मंडळींचा, ज्यांना पदरचे पैसे मोजून घाबरायचं असतं. २०२२ साली आम्ही दोघांनी ठरवलं, यंदा हे प्रकरण एकदा नीट करायचंच.

सुरुवात झाली एका तळघरातल्या हॉन्टेड हाऊसपासून. आत जाण्याआधी एका फॉर्मवर सही घेतात, की मला काही झालं तर मी तुमच्या नावाने ओरडणार नाही. मग अंधार, धूर, आणि साखळी काढलेली करवत घेऊन अंगावर धावून येणारा एक मनुष्य. बायको मनसोक्त किंचाळली. मी दुसऱ्या खोलीपासून सेन्सर कुठे बसवलाय ते शोधायला लागलो. सवय, दुसरं काय! बाहेर पडल्यावर बायको म्हणाली, "तुझ्याबरोबर भूतसुद्धा बोअर होईल."

असो. मग टीममधली एक सहकारी म्हणाली की खरं भुताचं घर बघायचं असेल तर ईस्ट फोर्थ स्ट्रीटवर मर्चंट्स हाऊस म्युझियम आहे, तिथे जा. १८३२ साली बांधलेलं हे घर १८३५ मध्ये सीबरी ट्रेडवेल नावाच्या लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने विकत घेतलं. त्याची धाकटी मुलगी गर्ट्रूड १८४० साली याच घरात जन्मली, लग्न न करता इथेच राहिली आणि १९३३ मध्ये, त्र्याण्णवाव्या वर्षी, वरच्या मजल्यावर वारली. आजूबाजूचं सगळं शहर बदललं, पण हिने घरातलं सामान हलवलं नाही. तीन वर्षांत घराचं म्युझियम झालं. तिच्या खुर्च्या, पलंग, कपडे, सगळं तसंच. साहजिकच, ती अजून तिथे फिरते असं लोक म्हणतात.

तर आम्ही भूत बघायला गेलो, आणि बघितलं भलतंच. ऑक्टोबरात हे घर १८६५ मधल्या सुतकात असतं. सीबरी त्या वर्षी गेला. आरशांवर काळं कापड टाकलेलं, घड्याळ थांबवलेलं आणि मागच्या दिवाणखान्यात शवपेटी. त्या काळी माणूस घरातच जायचा आणि घरातूनच निघायचा. लोक येऊन त्याच्या शेजारी बसायचे. लोक रांगेने पेटीजवळून पुढे सरकत होते, आपल्याकडे गणपतीच्या दर्शनाला सरकतात तसे.

माझी पाळी आली आणि माझे पाय हलेनात.

बाबा गेले एप्रिल २०२० मध्ये. हार्ट ॲटॅक. मी इथे क्वीन्समध्ये, दिवसरात्र ॲम्ब्युलन्सचे आवाज ऐकत बसलेला. भारतात येणारी प्रवासी विमानं मार्चअखेरीसच बंद झाली होती. अंत्यविधीला जास्तीत जास्त वीस माणसं, असा नियम. एकविसावा मी, चुलतभावाच्या फोनमध्ये. मध्येच चित्र अडकलं, ते आलं तेव्हा सगळे चपला घालत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला स्टँडअप कॉल होता. मी हजर होतो. ब्लॉकर्स काही आहेत का विचारलं, मी नाही म्हणालो.

पुढे भारतात जाऊन आलो, पण तोवर भिंतीवरचा हार घातलेला फोटो सगळ्यांच्या सवयीचा झाला होता. आता ज्या माणसाशी माझा काही संबंध नाही, जो १८६५ साली मेला, त्याच्या रिकाम्या पेटीसमोर मी उभा. गाईड म्हणाली, सावकाश होऊ द्या. मी हात जोडले. मागच्या माणसाला काय वाटलं असेल देव जाणे.

तिथून दहा मिनिटांवर वॉशिंग्टन स्क्वेअर पार्क. बायकोने काही न बोलता मला बाकावर बसवलं आणि गरम सायडर आणून हातात दिलं. हे पार्क म्हणजे १७९७ पासून १८२५ पर्यंतचं बेवारशी आणि गरिबांचं दफनस्थान. सुमारे वीस हजार माणसं अजून त्या हिरवळीखाली आहेत, वर पोरं गिटार वाजवतात. नंतर ही सोय फिरत फिरत १८६९ मध्ये हार्ट आयलंडवर गेली. तिथे आजवर दहा लाखांहून जास्त लोक पुरलेत. एप्रिल २०२० मध्ये त्या बेटावरच्या लांबलचक चरांचे ड्रोनमधून काढलेले फोटो जगभर छापून आले होते. मी तेव्हा ते बघून लॅपटॉप बंद केला होता. त्या रात्री बाकावर बसून पहिल्यांदा वाटलं, की फोनमधून का होईना, मी निदान होतो. यातल्या कित्येकांना तेवढंही कोणी नव्हतं.

सोमवारी ३१ तारखेला व्हिलेजची परेड. मला जायचा मूड नव्हता, पण बायकोने हडळीची तयारी आधीच केली होती. पांढरी साडी, मोकळे केस आणि उलटे पाय दिसावेत म्हणून बुटांच्या टाचेला पुढून चिकटवलेले पुठ्ठ्याचे पंजे! ही परेड राल्फ ली नावाच्या मुखवटे बनवणाऱ्या कलावंताने १९७४ मध्ये शेजारपाजारच्या पोरांसाठी सुरू केली. आता हजारो लोक सिक्स्थ ॲव्हेन्यूवरून चालतात. अट एकच, सोंग घेतलेलं पाहिजे. सगळ्यात पुढे काठ्यांवर नाचवलेले उंचच उंच सांगाडे. जेफरसन मार्केट लायब्ररीच्या मनोऱ्यावर एक अवाढव्य कोळी खालीवर करतो. ढोल, ट्रम्पेट, नुसता दंगा. सांगाडे अंगावरून झुलत गेले तेव्हा बायको ओरडली, "अरे, ही तर शिमग्याची सोंगं!" हडळीला चौदा जणांनी कुठल्या सिनेमातली म्हणून विचारलं. तिने चौदाही जणांना सांगितलं, आमच्या गावच्या विहिरीवरची.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. परेड सांगितली, हडळ सांगितली, ती खूप हसली. मग कसं कोण जाणे, शवपेटीचंही सांगून टाकलं. हात जोडल्याचंसुद्धा. पलीकडे जरा वेळ शांतता. मला वाटलं लाईन गेली.

मग म्हणाली, "घरी आल्यावर आंघोळ केलीस ना?"

केली, म्हटलं.

"बरं केलंस," म्हणाली, आणि तिने दिवाळीच्या फराळाचं पार्सल पोचलं का, ते विचारलं.