गॅलिशियांतील एक घर

आमचें वास्तव्य जर्मनींत असल्यामुळें मुलांच्या शाळेचीं कांहीं कामें आम्हांकडे येतात. गतवर्षीं जूनच्या आरंभीं विद्यार्थ्यांची एक तुकडी स्पेनच्या वायव्य कोपऱ्यांतील गॅलिशिया प्रांतांत निघाली, तेव्हां पालकांच्या वतीनें सोबत जाण्याचा योग आम्हांस आला. (पोलंडच्या बाजूस याच नांवाचा एक जुना प्रांत होता, तो निराळा.) प्रत्येक मुलानें आठ दिवस एकेका कुटुंबांत राहावयाचें, पुढें त्या घरच्या मुलानें जर्मनींत यावयाचें, असा हा विनिमय.

आमचा मुक्काम व एका मुलाचा मुक्काम एकाच घरीं होता. सान्तियागो शहराजवळचें खेडें. अंगणांत दगडी खांबांवर उभारलेली धान्याची लांबट कोठी, आणि उंदीर चढूं नयेत म्हणून प्रत्येक खांबाच्या माथ्यावर सपाट दगडी चकती. घरांत आईबाप, दोन मुलें व ऐंशी ओलांडलेल्या आजीबाई. जर्मनींत अशीं घरें आतां थोडीं. आम्हांस तें पाहतांच आपलेंसें वाटलें.

दोन्ही देशांचें घड्याळ एकच. १९४० सालीं स्पेननें आपलीं घड्याळें एक तास पुढें सारलीं, तीं तशींच राहिलीं. परंतु सूर्यास हा हुकूम कोण सांगणार? या घड्याळाचें रेखावृत्त जर्मनीच्या पूर्व टोकास गोर्लित्स गांवावरून जातें. सान्तियागो तेथून २३ अंशांहून अधिक पश्चिमेस, पोर्तुगालच्या डोक्यावर. त्यामुळें जूनमध्यें रात्रीं दहालाहि उजेड असतो, आणि जेवणाचीं ताटें त्या सुमारास मांडलीं जातात. जर्मन मुलें सहा-सातलाच पाव-चीज खाऊन मोकळीं होणारीं. आमचा मुलगा सातला हात धुऊन मेजापाशीं बसला, तेव्हां स्वयंपाकास आरंभहि झाला नव्हता!

जेवावयास 'काल्दो' होता: सलगमाच्या जातीचा पाला, बटाटे, पांढरे घेवड्याचे दाणे व डुकराचें मांस यांचा रस्सा. (आम्हांसाठीं मांसाविना निराळा शिजविला होता, हें त्यांचें सौजन्य.) आईनें दुसऱ्यांदा वाढावयास घेतलें, तों मुलगा म्हणाला, "नको." पुन्हां विचारलें, पुन्हां "नको," आणि ताट बाजूस सारलें. त्याचें पोट भरलें होतें व तसें स्वच्छ सांगणें यालाच तो सभ्यता समजत होता. आपल्या पंगतींत पहिलें 'नको' कोणी हिशेबांत धरीत नाहीं, तेथेंहि नाहीं. त्या बाईंचा चेहरा उतरला.

उलट मुलानें विचारावें, "उद्यां किती वाजतां निघावयाचें?" तर उत्तर मिळे, "तें अवलंबून आहे." गॅलिशियन मनुष्य जिन्यांत भेटला तर तो चढतो आहे कीं उतरतो आहे हें कळत नाहीं, अशी थट्टा इतर स्पॅनिश लोक करितात. मुलास मात्र ती थट्टा वाटेना. तिसऱ्या दिवशीं तो आम्हांस म्हणाला, "मी यांना नकोसा झालों आहें. मला घरीं पाठवा." त्याच दुपारीं आईनेंहि आम्हांस बाजूस घेऊन विचारलें, "आमचें घर त्याला आवडत नाहीं काय?" आम्ही दोघांसहि समजावूं गेलों, पण कोणाचेंच समाधान होईना.

रात्रीं आजीबाई त्या मुलाशीं एकाएकीं जर्मन बोलूं लागल्या! १९६० सालीं स्पेन व पश्चिम जर्मनी यांच्यांत मजुरांविषयीं करार झाला. पुढें हजारों गॅलिशियन माणसें तिकडील कारखान्यांत गेलीं. आजीबाई १९६८ पासून १९७३ पर्यंत तेथें होत्या. पहिल्या वर्षीं शेजारणीनें कॉफीस बोलाविलें, केक पुढें केला. यांनीं रीतीप्रमाणें 'नको' म्हटलें, तिनें केक उचलून ठेवला. "मी भुकेलीच घरीं आलें, आणि रडलें," त्या म्हणाल्या. मग त्यांनीं पाद्रोनच्या हिरव्या मिरच्या तळून पुढें ठेविल्या. यांतल्या कांहीं झणझणीत, बाकीच्या गोड्या. "तिखट कोणती?" मुलानें विचारलें. "अवलंबून आहे," आजीबाई म्हणाल्या. मुलगा पोट धरून हंसला.

घरधनी हंसले नाहींत. आईचें जर्मन त्यांनीं आजवर ऐकलें नव्हतें. त्या पांच वर्षांत ते लहान असून आजोळीं वाढत होते. ते उठून अंगणांत कोठीपाशीं जाऊन उभे राहिले. थोड्या वेळानें आजीबाई काठी टेकीत त्यांच्यामागें गेल्या. आम्ही मुलास घेऊन आंतच बसलों.